झाकण नसलेला लॅपटॉप

आमच्या ताईंना कोणी बिचारी म्हटलेलं खपत नाही. एकदा बँकेच्या रांगेत मागच्या बाईने च्च् च्च् करत "बिचारी हो" असं कुणाला तरी सांगितलं. ताई वळल्या आणि तिला विचारलं, उजवा गुडघा कधीपासून दुखतोय. बाईने गुडघ्यावर हात नेला. ती पाय ओढत चालतेय हे ताईंनी केव्हाच ऐकलं होतं. मग ताई म्हणाल्या, म्हणजे आपण दोघी बिचाऱ्या, आता रांग पुढे सरकलीय, चला. मी शेजारी उभी होते आणि हसू दाबता दाबता माझ्या नाकी नऊ आले.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. जन्मापासून दिसत नाही, आणि त्यांच्याबद्दल सांगण्यासारख्या गोष्टींत ही सातवी-आठवी असेल. त्याआधी सांगायचं तर त्या तापट आहेत, चहात साखर कमी पडली तर एक घोट घेऊन कप परत सरकवतात, रस्ता ओलांडून द्यायला कुणी आलं तर त्यालाच दंडाला धरून पलीकडे नेतात, आणि खोटं बोलणं त्यांना जमत नाही. मी लग्न होऊन या घरात आले त्याला चोवीस वर्षं झाली. पहिली दोन वर्षं आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. नंतर कळलं की भांडल्याशिवाय दोघींनाही जेवण जात नाही, तेव्हापासून आमचं जमलं.

एकविसाव्या वर्षापासून त्या एका मोठ्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होत्या. तीनशे लोकांचे नंबर तोंडपाठ. कोण कुठल्या मजल्यावर, कोण रजेवर, कोणाचा साहेब सकाळी चिडलेला असतो, सगळं ठाऊक. वीस वर्षांनी कारखान्याने यंत्र आणलं. यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. ताईंना हार घातला, घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, आता आराम करा. तेव्हा मी धरून सगळ्यांनी.

त्या आरामाची दोन वर्षं मी विसरलेले नाही. सकाळी मी कामावर निघताना ताई खिडकीपाशी खुर्चीत असायच्या आणि संध्याकाळी आले की तिथेच. मी दातांच्या डॉक्टरांकडे पुढच्या टेबलावर बसते, दिवसभर कण्हणाऱ्या लोकांना "पाचच मिनिटं हं" असं खोटं सांगते. घरी येऊन विचारलं, ताई आज काय केलं, तर त्या सांगायच्या, समोरच्यांचा दरवाजा अकरा वेळा वाजला. दुसऱ्या दिवशी नऊ वेळा. भांडायच्यासुद्धा नाहीत माझ्याशी. मला मेलीला तेव्हा कळलं की घरात भांडण नसलं की किती भीती वाटते.

मग त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी कॉम्प्युटर शिकायचं मनावर घेतलं. कुणाला न विचारता स्वतः चौकशी केली, काठी घेतली आणि बसने जाऊ लागल्या. शिकून एका लेखन कार्यालयाचं काम मिळवलं. तिथे लोकांच्या बैठका, सुनावण्या, डॉक्टरांच्या नोंदी यांची रेकॉर्डिंगं येतात. ती ऐकायची आणि शब्दन् शब्द टाइप करून पाठवायचा. टेबलाखाली शिवणयंत्रासारखं एक पेडल असतं. दाबलं की आवाज पुढे जातो, सोडलं की थांबतो, टाच टेकवली की मागे येतो. पायाने ऐकायचं आणि हाताने लिहायचं. ताई त्या कामात अशा रुळल्या की विचारू नका. कार्यालयात त्यांचं नाव कुणाला माहीत नाही, नंबर सतरा एवढंच माहीत, आणि सतराच्या कामात चूक सापडत नाही हेही माहीत. तेरा वर्षं झाली या गोष्टीला.

त्यातली नऊ वर्षं एकच लॅपटॉप. स्वतःच्या कमाईतून घेतलेला. जाडजूड, काळा, उचलला तर मनगट भरून यावं. त्याच्या काही कळांवर मी माझ्या नेलपॉलिशचे टिपके दिले होते, वाळले की बोटाला लागतात. आवाज बंद करायची एक कळ असते, तिच्यावर ताईंनी चिकटपट्टी लावून ठेवली होती, कारण चुकून ती दाबली गेली तर त्यांच्यासाठी घरातला दिवाच गेला. लॅपटॉपमधून एक पुरुषी आवाज त्यांना सगळं वाचून दाखवतो, तोसुद्धा असल्या वेगाने की मला तरी कुणी पत्र्यावर वाटाणे ओततंय असं वाटतं. मी त्याला बडबडे भावजी म्हणते. आणि आतली डिस्क फिरताना खरखर करायची, त्यावरून ताईंना कळायचं की मशीन कामात आहे, विचारात आहे की बसकण मारून बसलंय.

हल्ली ते फार बसकण मारायचं. कार्यालयाने नवा प्रोग्राम पाठवला होता आणि तो या म्हाताऱ्याला झेपत नव्हता. वाक्याच्या मधेच भावजी गप्प व्हायचे, दोन-दोन मिनिटं नुसती खरखर. ताई हात मांडीवर ठेवून बसून राहायच्या, ओठ घट्ट मिटून. अशातच कार्यालयाचं पत्र आलं. सगळ्यांची चाचणी होणार. ठरलेल्या दिवशी सकाळी दहाला रेकॉर्डिंग येईल, दोनच्या आत पूर्ण करून परत पाठवायचं. जो पाठवू शकणार नाही त्याचं काम बंद. सोबत एक छापील फॉर्म होता, लॅपटॉपची माहिती हाताने भरून, सही करून द्यायची. स्क्रीनचा आकार, मेमरी किती, डिस्क किती, आणि शेवटी एक मोठा चौकोन, यंत्रातील उणिवा असल्यास नमूद कराव्यात.

फॉर्म भरायला आमचे हे बसले. हे म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ. माणूस मनाने सोनं, पण दुसऱ्याच्या भल्याचं ठरवताना त्याला विचारायचं असतं हे काही त्यांच्या डोक्यात शिरत नाही. टेप घेऊन स्क्रीनचा आकार मोजायला गेले. लॅपटॉप चालू, भावजींची बडबड चालू, पण स्क्रीन काळी ठिक्कर.

"ताई, स्क्रीन बंद आहे," हे म्हणाले.

"असेल," ताई म्हणाल्या.

कधीपासून, असं यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, मला कसं ठाऊक असणार. मी स्वयंपाकघरात जाऊन नसलेली भांडी घासायला लागले. कारण मला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी एका सकाळी धूळ पुसताना लॅपटॉप माझ्याच हातून निसटला होता. कोपऱ्यावर आपटला आणि स्क्रीन गेली. मी घाबरून तो परत टेबलावर ठेवला. थोड्या वेळाने ताई येऊन बसल्या, हेडफोन कानाला लावले, पेडल दाबलं आणि काम करू लागल्या. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, मग तिसऱ्या दिवशी, आणि ते राहूनच गेलं. घरात ती स्क्रीन बघणारं होतंच कोण? चार वर्षं मी रोज सकाळी तो काळा पडदा मनोभावे पुसत होते.

यांनी मात्र कपाळाला हात लावला. अशी कशी कामं करत होतीस म्हणे. कशी म्हणजे, ताई म्हणाल्या, जशी आधी करत होते तशी. पण यांच्या डोक्यात आता ते बसलं. लॅपटॉप हळू चालतो, वर स्क्रीनही गेलेली, हे फॉर्मवर लिहिलं तर ताईंचं काम त्याच दिवशी जाणार. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हे एक वापरलेला लॅपटॉप घेऊनच आले. यांच्या ऑफिसातल्या एकाने विकायला काढलेला, दोनच वर्षांचा, पातळ, चकचकीत. काय सुंदर डिस्प्ले आहे बघ, असं ताईंना म्हणाले, आणि मग जीभ चावली.

मी खोटं बोलणार नाही, त्या दिवशी मी यांच्याच बाजूने होते. म्हटलं घ्या हो ताई, जुनं किती दिवस ओढणार. ताईंनीही आदळआपट केली नाही. सबंध एक दुपार त्या नव्यावर बसल्या. पेडलची पिन त्यात जाईना, तेव्हा यांनी धावत जाऊन जोडणी आणली. मग पेडल चाललं. पण कळा अगदी सपाट, एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते कळायला मार्ग नाही. उजवीकडची आकड्यांची बटणं तर नव्हतीच, आणि ताई भावजींना हुकूम सोडतात ते नेमके त्या आकड्यांवरून. तासाभराचं काम करायला त्यांना अख्खी दुपार लागली आणि ओळीओळीला चूक. सतरा नंबरच्या कामात चुका. कान काढून टेबलावर ठेवावेत तसे त्यांनी हेडफोन ठेवले.

मशीन चांगलं आहे, ताई म्हणाल्या, पण माझ्या बोटांना हे शिकायला महिना लागेल आणि चाचणीला आठ दिवस आहेत. माझ्याच लॅपटॉपला आतून काही नवं बसवता येतं का, ते मी बघते.

हे वैतागले. मढ्याला औषध पाजायचा प्रकार आहे म्हणाले. नऊ वर्षांचं मशीन, त्यात पैसे घालायचे, तेही स्क्रीन नसलेलं, आणि पुढच्या वर्षी आणखी काही गेलं की पुन्हा तेच. त्यांचं सगळं चूक होतं असं नाही. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मीही मान डोलावली असती. पण बोलता बोलता त्यांचा तोल गेला.

"नाहीतरी आणखी किती दिवस करणार आहेस? छप्पन्न झाली. जमलं नाही तर नाही जमलं. आता आराम कर."

मला ती खिडकीजवळची खुर्ची दिसली. ताई उभ्या राहिल्या. त्या फार चिडल्या की त्यांचा आवाज चढत नाही, खाली जातो.

"पंधरा वर्षांपूर्वी तू हेच म्हणाला होतास. तेव्हा मी ऐकलं. लोकांचे दरवाजे मोजत बसले. आता नाही ऐकणार."

त्या क्षणी मी पक्ष बदलला. यांच्याकडे पाठ केली आणि ताईंना म्हटलं, उद्या अर्धी रजा टाकते, तुम्ही बॅग भरा.

आमच्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक दुरुस्तीवाला आहे. दुकान केवढं, तर दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने बाहेरून बोलायचं. भिंतीला वापरलेल्या लॅपटॉपची रांग, टेबलावर डबीभर बारीक स्क्रू, आणि मालकाचा चष्मा कायम कपाळावर. त्याने लॅपटॉप उघडला, स्वतःच्या मोठ्या स्क्रीनला जोडून बघितला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, यांना सांगा की ह्यात काही अर्थ नाही.

"मला सांगा," ताई म्हणाल्या. "मला ऐकू येतं. त्याचेच पैसे मिळतात मला."

तो ओशाळला आणि ताईंकडे बघून बोलू लागला. मेमरी दुप्पट करता येईल. फिरणारी डिस्क काढून नवी बिनफिरती टाकली, जुन्यातलं सगळं जसंच्या तसं तिच्यात उतरवलं, तर मशीन पळायला लागेल. ते काही महाग नाही. पण घोडं अडतंय स्क्रीनपाशी. कोपऱ्यावर मार बसलाय, कुणीतरी पाडलेला दिसतोय. इथे मी छताकडे बघितलं. नवी स्क्रीन टाकायची तर मशीनच्या किमतीपेक्षा जास्त जाईल, त्यापेक्षा ह्या रांगेतला एखादा घ्या, मी तुम्हाला मस्त डिस्प्लेवाला काढून देतो.

ताईंनी विचारलं, मी तुमच्याकडे स्क्रीन मागितली का?

अहो पण स्क्रीनशिवाय तुम्ही कसं, असं म्हणून तो थांबला. चष्मा डोळ्यांवर घेतला, ताईंची काठी बघितली, आणि चष्मा परत वर ढकलला. मग तो स्वतःवरच हसला. ताईही हसल्या. मग त्या म्हणाल्या, हे झाकण नुसतं वजन आहे, बॅटरी खातं आणि वहिनीला रोज पुसावं लागतं, तेव्हा ते काढूनच टाका.

एवढं ऐकल्यावर तो माणूस बदललाच. मघाशी अर्थ नाही म्हणणारा आता खुर्ची पुढे ओढून बसला. बिनतारी इंटरनेटच्या बारीक वायरी झाकणातूनच जातात, त्या खाली आणून कडेला चिकटवीन म्हणाला. बिजागरीची भोकं बुजवीन, नाहीतर धूळ जाईल. आतून सगळं साफ करून देतो. फक्त डिस्क मागवावी लागेल, पण चाचणीच्या आदल्या दिवशी नक्की हातात. लॅपटॉप त्याच्याकडे ठेवून आम्ही निघालो.

रस्त्यात मी हिय्या केला. ताई, म्हटलं, तो मार बसलाय म्हणाला ना, तर ते. ताईंनी मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, त्या दिवशी धप्प असा आवाज आला आणि नंतर अर्धा तास तुझा आवाज नाही. तू, आणि अर्धा तास गप्प? आणि मग न मागता दोनदा चहा, दोन्ही वेळा साखर बरोब्बर. मी तेव्हाच ओळखलं. मग बोलला का नाहीत, मी विचारलं. ताई म्हणाल्या, साखर बरोबर पडत होती ना.

चार वर्षं. चार वर्षं या बाईने मला झुलवलं. मी भर रस्त्यात त्यांच्याशी भांडले आणि फार बरं वाटलं.

डिस्क वेळेवर आली नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी दुरुस्तीवाल्याचा निरोप आला की आत्ता आलीय, सकाळी नऊला घ्यायला या. ताई रात्रभर नुसत्या कूस बदलत होत्या, भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. सकाळी हे आपणहून म्हणाले की मी आणतो. आठ दिवस बहीणभावाचं बोलणं जेवढ्यास तेवढं होतं, त्यामुळे मला जरा हलकं वाटलं. साडेआठलाच जाऊन हे दुकानाच्या पायरीवर बसले म्हणे.

नऊ पस्तीसला परत आले. हातात फक्त कीबोर्डची एक काळी फळी, वरचं झाकण नाही, एका कडेला दोन वायरी नीट चिकटवलेल्या. मी स्वतः सगळं चालवून बघितलं, हे म्हणाले, एकदम झकास पळतंय. ताईंनी लॅपटॉपवरून हात फिरवला. टिपके जागेवर होते. पेडल जोडलं, कानाला लावलं, चालू करायचं बटण दाबलं आणि वाट बघितली.

काही नाही. भावजी गप्प. ताईंनी हेडफोन काढून पुन्हा लावले. खरखरसुद्धा नाही. पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. मेल्यासारखं निपचित. घड्याळात पावणेदहा.

यांच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानात चालत होतं, शपथेवर सांगतो, असं म्हणत हे दुकानदाराला फोन लावायला लागले, तर तो उचलेना. मी बघते म्हटलं आणि पुढे झाले, पण बघणार काय? बघायला काही ठेवलंच नव्हतं आम्ही. मग हे आतून तो चकचकीत घेऊन आले. ताई, ऐक माझं, आज यावर कर, हट्ट सोड, असं काकुळतीला येऊन म्हणाले. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली.

ताईंनी त्यांना हाताने थांबवलं. लॅपटॉपच्या डाव्या कडेला तळवा लावला. तिथून बारीक ऊन वारा येत होता. मग त्यांच्या लक्षात आलं, नवी डिस्क फिरतच नाही, तर खरखर येणार कुठून. जिवंत आहे, त्या म्हणाल्या. मग मला बोलावलं. "वहिनी, त्यावर जे जे दिवे आहेत ते डावीकडून सांग. काही गाळू नकोस."

मी वाकून सांगायला लागले. एक हिरवा, स्थिर. एक पांढरा, लुकलुकतोय. वरच्या रांगेत एक नारिंगी, स्पीकरचं चित्र असलेल्या कळीवर.

ताईंचं बोट तिथे गेलं. कळ गुळगुळीत होती. दुरुस्तीवाल्याने साफसफाईत चिकटपट्टी मळ समजून काढून टाकली होती. नऊ वर्षांत आज पहिल्यांदा त्या कळीला ताईंचं बोट लागलं. त्यांनी ती दाबली. नारिंगी दिवा विझला आणि हेडफोनमधून भावजींचे वाटाणे असे काही ओतले गेले की तीन फुटांवरून मलाही ऐकू आले. मला रडूच फुटायच्या बेतात होतं.

"ही कोणी दाबली?" ताईंनी विचारलं.

हे चकचकीत लॅपटॉप छातीशी धरून उभे होते. म्हणाले, मी. दुकानात तो आवाज सारखा बडबडत होता, येणारे जाणारे थांबून बघायला लागले, मला कसंतरी झालं. म्हणून बंद केला. त्याच्या मोठ्या स्क्रीनवर तर सगळं नीट दिसत होतं.

दहाला सात मिनिटं होती.

"लोक बघतात तर बघू देत. त्यांच्यासाठी मी गप्प बसणार नाही, आणि माझं मशीनही बसणार नाही. आता दार लावून घ्या."

आम्ही दोघं बाहेर येऊन जमिनीवरच बसलो. यांनी ऑफिसला उशीर होईल म्हणून कळवलं, मी दवाखान्यात कळवलं. आतून कळांचा आवाज येत होता, न थांबता. पूर्वी दर पाच मिनिटांनी तो तुटायचा, मधे खरखर भरायची. आज तुटत नव्हता. हे मान खाली घालून ऐकत होते. तेरा वर्षांत हे पहिल्यांदाच बहिणीचं काम ऐकत बसले होते असं मला वाटतं. मी एकदा त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला.

बाराला दहा मिनिटं असताना दार उघडलं. ताई म्हणाल्या, पाठवलं, आता चहा टाक. मी चहा टाकला आणि त्यात साखर मुद्दाम कमी घातली. ताईंनी एक घोट घेतला, कप सरकवला आणि मला चार शब्द सुनावले. घर पुन्हा ताळ्यावर आलं.

दोन दिवसांनी कार्यालयाचं उत्तर आलं. नंबर सतरा, चुका शून्य, वेळ सर्वांत कमी, काम पुढे चालू, फॉर्म तेवढा भरून पाठवावा. तो फॉर्म अजून मांडणीवर कोराच पडला होता. मी पेन शोधायला लागले तर यांनी माझ्याआधी उचललं. ताईंच्या टेबलाशी स्टूल ओढून बसले आणि लिहू लागले. मेमरी किती ते लिहिलं. डिस्क लिहिली. स्क्रीनचा आकार, इथे ताईंनी सांगितलं, स्क्रीन नाही असं लिही, खोटं काही लिहायचं नाही. यांनी तसंच लिहिलं.

मग शेवटचा मोठा चौकोन आला. यांनी तो वाचून दाखवला, यंत्रातील उणिवा. आणि विचारलं, इथे काय लिहू?

"तू ठरव," ताई म्हणाल्या. "दुकानात चालवून तूच बघितलायस."

हे कितीतरी वेळ पेन धरून बसले. समोर झाकण नसलेली ती काळी फळी, तिच्यावर माझे नेलपॉलिशचे टिपके, कडेला चिकटवलेल्या वायरी, आणि पलीकडे त्यांची बहीण, पाय पेडलवर ठेवून वाट बघणारी. मग त्यांनी लिहिलं. मी खांद्यावरून वाकून बघितलं. चौकोन केवढा मोठा होता, त्यांनी मधोमध एकच शब्द लिहिला होता.

"लिहिलंस?" ताईंनी विचारलं.

"लिहिलं."

"वाच."

"नाहीत."

ताईंनी हात पुढे केला. यांनी त्यांच्या हातात पेन दिलं आणि बोट धरून सहीची जागा दाखवायला लागले. ताईंनी बोट सोडवून घेतलं, कागदाची खालची कड चाचपली आणि सही केली. रेघेच्या जरा वर गेली. मग त्यांनी हेडफोन चढवले आणि पेडल दाबलं.